मराठी पेपरांची कात्रण सेवा: पीआरवाल्यांनी पैसे मोजावेत का? वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे घाईत असणाऱ्यांची सोय होईल. तुमची कंपनी किंवा तुमचा क्लायंट मुंबई-पुण्याच्या बाहेर कारखाना, गोडाऊन, हॉस्पिटल, कॉलेज असं काहीही चालवत असेल तर माणसं बसवून मराठी पेपर वाचून घेणारी कात्रण सेवा घ्याच, नुसत्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहू नका. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली सविस्तर लिहिलंय. सेवेचं नाव टाकत नाहीये कारण तक्रारी पण लिहिणार आहे आणि आमचं काँट्रॅक्ट चालू आहे, पण अशी सेवा देणारे पुण्या-मुंबईत बरेच आहेत, त्यामुळे कोणती घ्यायची ते कसं तपासायचं हेही सांगते.

माझ्याबद्दल थोडक्यात. सुरुवात मुंबईत पीआर म्हणजे जनसंपर्काच्या एजन्सीत केली, बरीच वर्षं क्लायंट सर्व्हिसिंग केलं, आता पुण्यात एका मॅन्युफॅक्चरिंग कंपनीच्या कम्युनिकेशन टीममध्ये आहे. म्हणजे कात्रणांची फाईल बनवून पाठवणारी बाजू पण बघितलीय आणि ती फाईल बॉससमोर ठेवून प्रश्न झेलणारी पण.

नवीन लोकांसाठी सांगते, सेवा म्हणजे काय तर रोज सकाळी आपल्याबद्दल, आपल्या स्पर्धकांबद्दल आणि आपल्या धंद्याबद्दल जे काही छापून आलंय ते शोधून पाठवणं. पूर्वी खरोखरची कात्री आणि डिंक असायचा, कागदावर बातमी चिकटवून वर पेपरचं नाव, तारीख, आवृत्ती, पान नंबर लिहिलेला असायचा, मी नोकरीला लागले तेव्हा त्या फायलींनी ऑफिसची कपाटं भरलेली होती आणि ट्रेनीला पहिलं काम तेच मिळायचं, फायली लावा. कंटाळवाणं वाटायचं सगळ्यांना. पण खरं सांगू का, पीआरचं जे काही मला येतं त्यातलं निम्मं त्या फायली लावताना आलं. एकच प्रेसनोट पाच पेपरांनी कशी लावली, कोणी हेडिंग बदललं, कोणी आपला तिसरा पॅरा उचलून पहिला केला, कोणी फक्त फोटो आणि दोन ओळींची कॅप्शन घेतली, कोणी सरळ कचऱ्यात टाकली, हे एका शेजारी एक ठेवून बघितल्याशिवाय कळत नाही. आजकाल नवीन मुलं एक्सेल शीट भरतात, लिंक टाकतात आणि बातमी उघडून वाचतच नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता ही सेवा. सकाळी सातच्या आत मेल येतो आणि सोबत व्हॉट्सअॅपवर पीडीएफ. प्रत्येक कात्रणावर पेपर, आवृत्ती, पान, कॉलम किती, फोटो आहे का, आणि खाली मराठीत दोन ओळींचा गोषवारा. आवृत्ती लिहिलेली असते ही गोष्ट छोटी वाटेल पण तीच महत्त्वाची आहे. कारण 'सकाळमध्ये आलं' किंवा 'लोकमतमध्ये आलं' या वाक्याला महाराष्ट्रात तसा काही अर्थ नाही, कुठल्या आवृत्तीत आलं आणि मुख्य अंकात आलं की जिल्ह्याच्या पानात, हा खरा प्रश्न. पुण्यात बसलेल्या डायरेक्टरला बारामतीच्या पानावरची बातमी दिसतच नाही. त्याच्या दारात वेगळा अंक पडतो.

शिवाय हे लोक फक्त मोठे पेपर बघत नाहीत. साताऱ्याचा ऐक्य, सोलापूरचा संचार, लातूरचा एकमत, अकोल्याचा देशोन्नती, नगरचा सार्वमत, कोल्हापूरचा पुढारी, बेळगावचा तरुण भारत, रत्नागिरी टाइम्स, गोव्याचा गोमंतक, हे सगळं त्यांच्या यादीत आहे, पॅकेजप्रमाणे. मुंबईच्या एजन्सीत असताना आम्ही या पेपरांना 'रिजनल' या एका खणात टाकायचो आणि क्लायंटच्या प्रेझेंटेशनमध्ये शेवटच्या स्लाईडवर ठेवायचो. तिथल्या लोकांसाठी तो रिजनल वगैरे काही नसतो, तो त्यांचा पेपर असतो, सरपंचापासून तहसीलदारापर्यंत सगळे सकाळी तोच उघडतात. हे मला कारखान्याच्या कंपनीत आल्यावर नीट कळलं.

काँट्रॅक्ट रिन्यू करायच्या आधी मी मुद्दाम त्यांच्या ऑफिसला पहाटे गेले होते, म्हटलं बघू तरी कसं काम चालतं. पेठेतली जुनी इमारत, दुसऱ्या मजल्यावर एक लांबट हॉल, ट्यूबलाइट, मधोमध जोडलेली टेबलं. गठ्ठे आलेले, दोऱ्या कापलेल्या, शाईचा आणि चहाचा वास. वाचणाऱ्यांमध्ये बहुतेक बायका, काही निवृत्त माणसं, प्रत्येकाच्या हातात लाल पेन्सिल आणि बाजूला क्लायंटच्या विषयांची यादी, पण यादीकडे कोणी बघतच नव्हतं, पाठ झालेली. एक बाई पान उघडायच्या, बोट वरून खाली फिरवायच्या, थांबायच्या, कोपऱ्यात खूण करायच्या, पान उलटायच्या. वेग एवढा की मला वाटलं ह्या वाचत नाहीयेत, म्हणून त्यांनी उलटलेल्या एका पानावरचं विचारलं तर खालच्या कोपऱ्यातली निविदा सूचना पण सांगितली. खूण केलेली पानं दुसऱ्या टेबलावर स्कॅनिंगला जातात. लांबच्या आवृत्त्या छापील मिळत नाहीत त्या ई-पेपरवरून बघतात, त्यासाठी वेगळी दोन पोरं.

तुम्ही म्हणाल आता एआयच्या जमान्यात हे कशाला, सॉफ्टवेअरला कीवर्ड दिला की झालं. इंग्रजीत झालं, मान्य. मराठीत नाही होत, आणि का नाही होत ते नीट समजून घ्या कारण सॉफ्टवेअर विकायला येणारा माणूस हे सांगत नाही.

पहिलं म्हणजे कित्येक पेपरांची पानं अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये लागतात, तो मजकूर कॉपी करून बघा, अक्षरांचा नुसता चिवडा येतो. म्हणून मग पानाच्या चित्रावरून अक्षरं ओळखायची, आणि तिथे जोडाक्षरं, बारीक टाइप, रंगीत पट्टीवरचं पांढरं हेडिंग या सगळ्यात मशीन अडखळतं. दुसरं, मराठीत नाव आहे तसं राहत नाही. पुणे हा कीवर्ड टाकलात तर पुण्यात, पुण्याच्या, पुण्याहून हे सगळं गळायची शक्यता, नाशिकचं नाशकात होतं. कंपनीच्या नावातल्या इंडस्ट्रीजमधली वेलांटी प्रत्येक डेस्क आपापल्या मनाने देतो. तिसरं म्हणजे नामांतरं. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, आणि बातम्यांमध्ये कुठे पूर्ण नाव, कुठे नुसतं संभाजीनगर, कुठे नुसतं नगर. आम्ही आधीपासून वापरत असलेल्या सॉफ्टवेअरच्या कीवर्डमध्ये जुनीच नावं पडून होती, कोणी बदललीच नव्हती, आणि तिथल्या बातम्या कमी झाल्या म्हणून मीटिंगमध्ये आनंद व्यक्त होत होता!

पण हे सगळं एक वेळ सुधारेल, तंत्रज्ञान पुढे जातंच आहे. चौथी गोष्ट मात्र कुठलं सॉफ्टवेअर पकडणार नाही. मराठी पेपर, खासकरून तालुक्याच्या पानावर, वाईट बातमीत कंपनीचं नाव बऱ्याचदा छापतच नाहीत. 'एमआयडीसीतील एका कंपनीत', 'शहरातील एका नामांकित रुग्णालयात', 'एका खासगी शाळेच्या बसने'. नावच नाही तर कीवर्ड काय शोधणार.

आमच्याबाबतीत झालेलं सांगते, जागा आणि वर्ष सांगत नाही. सकाळी फाईल यायच्या आधीच त्या सेवेतल्या काकांचा फोन आला. बऱ्यापैकी वयस्कर आहेत, आयुष्यभर पेपर लाईनमध्येच काढलेले, सगळे त्यांना काकाच म्हणतात. म्हणाले, 'मॅडम, तुमचं नाव नाहीये बातमीत, पण वजनकाट्यामागची कंपनी म्हणजे तुमचीच ना?' बातमी सिंगल कॉलम, तालुक्याच्या पानावर अगदी खाली, बायलाईन, म्हणजे बातमीदाराच्या नावाची ओळ, नुसती 'वार्ताहर'. हेडिंग: ओढ्यात फेसाळ पाणी, ग्रामस्थ संतप्त. आत लिहिलेलं, वजनकाट्यामागील एका कंपनीतून पाणी सोडलं जात असल्याचा ग्रामस्थांचा आरोप, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करणार. मी विचारलं काका तुम्हाला वजनकाटा कसा माहीत. तर म्हणाले मागे तुमच्या रक्तदान शिबिराची बातमी आली होती त्यात पत्ता तसा छापला होता. ती रक्तदानाची बातमी आम्ही स्वतः विसरलो होतो हो. आणि सॉफ्टवेअरच्या डॅशबोर्डवर त्या दिवशी आमच्या नावापुढे हिरवा टिक, काही नोंद नाही.

पुढे काय केलं ते सांगते, कारण सेवेचा उपयोग इथेच कळतो. प्लांट हेडला फोन, त्यांनी आधी ठामपणे सांगितलं आपली ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा, व्यवस्थित चालू आहे, आणि ती खरंच चालू होती. पण मी म्हटलं कागद नका दाखवू, ओढ्यापर्यंत चालत जा. गेले. स्क्रॅप यार्ड धुतात ते पाणी पावसाच्या गटारातून तिकडे जात होतं. म्हणजे गावकरी बरोबर होते. ते गटार त्याच सकाळी बंद केलं, मंडळाच्या ऑफिसला आपणहून कळवलं, पाण्याचे नमुने लॅबला दिले. मग त्या वार्ताहराला फोन केला. 'बातमी का लावली' असं चुकूनही विचारलं नाही, एवढंच म्हटलं की दादा, नाव नाही छापलंत तरी कंपनी आमची आहे, तुम्ही या, सरपंचांना पण घेऊन या, आत फिरून बघा. आला तो. निवेदन मराठीत लिहिलं, साध्या वाक्यांत, आणि दुपारीच दिलं कारण डाक आवृत्ती, म्हणजे गावाकडे पाठवायचा अंक, लवकर छापायला सुटते, मुंबईच्या हिशोबाने रात्री आठला निवेदन दिलं तर गावाकडच्या अंकात ते येतच नाही. दुसऱ्या दिवशी बातमी मोठी आली, दोन कॉलम, यावेळी नावासकट. पण त्यात पाणी कुठून जात होतं, काय दुरुस्ती केली आणि सरपंच काय म्हणाले ते सगळं होतं. संध्याकाळी एक लोकल यूट्यूब चॅनलवाला कॅमेरा घेऊन गेटवर आला तेव्हा सिक्युरिटीने त्याला अडवलं नाही, आत बसवून चहा दिला आणि प्लांट हेड स्वतः बोलले. विषय तिथे संपला.

आमच्या मॅनेजमेंटमधल्या काहींना वाटलं होतं नाव छापलेलं नाही तर आपण गप्प बसू, कशाला अंगावर घ्या. हा मोह जबरदस्त असतो आणि प्रत्येक कंपनीत असतो. पण गावात नाव माहीत नसतं असं थोडंच आहे, सगळ्यांना माहीत असतं, फक्त पेपरात छापलेलं नसतं, आणि आपण गप्प बसलो की गावाने जे समजायचं ते समजतं.

ज्युनियर्सना मी यावरून मॅगी नूडल्सवरच्या बंदीचं उदाहरण नेहमी देते. त्या प्रकरणाची सुरुवात दिल्ली-मुंबईतून झाली नव्हती, उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत एका अन्नसुरक्षा अधिकाऱ्याने २०१४ मध्ये दुकानातून घेतलेल्या नमुन्यापासून झाली होती. जिल्ह्यातला विषय जिल्ह्यात आहे तोपर्यंत मोठ्या ऑफिसला तो दिसत नाही. २०१५ च्या जूनमध्ये देशभर बंदी आली, ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाने ती उठवली, तरी माल परत दुकानात यायला नोव्हेंबर उजाडला. कोर्टात जिंकूनही मधले महिने गेले ते गेलेच. आणि आपल्याकडचं कॅडबरीचं, ऑक्टोबर २००३, ऐन दिवाळीच्या तोंडावर महाराष्ट्राच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्याचं सांगितलं. कंपनीचं म्हणणं होतं की दोष आमच्या कारखान्यात नाही, दुकानातल्या साठवणुकीत आहे. असेलही. पण आई-बापाच्या हातात चॉकलेट आहे आणि त्यात अळी आहे, त्यांना तुमच्या गोडाऊनचं काय करायचंय. पुढे कंपनीने दुकानदारांसाठी मोहीम काढली, पॅकिंग बदललं, अमिताभ बच्चनना आणलं, आणि गाडी रुळावर आली. नुसत्या शब्दांवर न थांबता पॅकिंग बदललं हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. गटार बंद न करता निवेदन काढलं असतं तर आमचंही काही खरं नव्हतं.

आता रिपोर्टबद्दल, इथे आमचं त्यांच्याशी चांगलंच वाजलं होतं पण शेवट चांगला झाला. महिन्याच्या शेवटी सेवा एक रिपोर्ट देते आणि त्यात डिफॉल्टने एव्हीई असतं, म्हणजे बातमीने व्यापलेली जागा मोजायची, त्या पेपरचा जाहिरातीचा दर लावायचा आणि म्हणायचं की एवढ्या रुपयांची प्रसिद्धी मिळाली. काही ठिकाणी तर वर तीनने गुणतात, कारण काय तर बातमीवर लोकांचा जाहिरातीपेक्षा जास्त विश्वास असतो. या आकड्याने आमच्या धंद्याचं फार नुकसान केलंय असं माझं स्पष्ट मत आहे. २०१० मध्ये बार्सिलोनामध्ये जगभरच्या मोजमाप करणाऱ्या लोकांनी बसून तत्त्वं ठरवली त्यात साफ लिहिलंय की एव्हीई म्हणजे जनसंपर्काची किंमत नव्हे. तरी आपल्याकडे अजून क्लायंट तोच आकडा मागतो आणि एजन्सी देते. आता हे बघा, ओढ्याची ती दुसरी बातमी, दोन कॉलम, फोटोसकट, रिपोर्टमध्ये आमच्या 'मिळालेल्या प्रसिद्धीत' जमा धरलेली! वाईट बातमी जितकी मोठी तितकी व्हॅल्यू जास्त. आणि आदल्या दिवशीची ती सिंगल कॉलम, जिच्यामुळे सगळं वेळेत सावरलं, तिची किंमत जवळपास शून्य.

मी त्यांना सांगितलं हा कॉलम काढा. आधी म्हणाले सगळ्यांना हाच फॉरमॅट जातो. मग मी आणि काका बसलो आणि नवीन रकाने पाडले: कुठल्या प्लांटच्या आसपासची आवृत्ती, आपलं म्हणणं बातमीत आलं की नाही, कोणाच्या तोंडी आलं, प्रेसनोटमधून आली की वार्ताहराने स्वतः काढली, आणि यावर आपल्याला काही करायचंय का. शेवटचा रकाना सगळ्यात उपयोगी. आमचे फायनान्स हेड आधी विचारायचे आकडा कुठे गेला, आता ते पण थेट त्या रकान्यावर जातात. सेवेने हे जास्तीचे पैसे न घेता करून दिलं, याचे मार्क मी पूर्ण देते.

एक गोष्ट इथेच लिहिते. मी आधी जिथे काम करत होते तिथल्या एका सीनियरची पद्धत होती की क्लायंटकडे फाईल जायच्या आधी निगेटिव्ह कात्रणं काढून घ्यायची किंवा शेवटी ढकलायची, क्लायंटचा सकाळी सकाळी मूड जायला नको म्हणून. क्लायंटला मग त्या बातम्या त्याच्या मेव्हण्याकडून व्हॉट्सअॅपवर मिळायच्या आणि मग जो काही तमाशा व्हायचा तो आम्ही खालच्यांनी सहन करायचा. आता माझ्या टीममध्ये नियम एकच, वाईट कात्रण सगळ्यात वर, आणि त्याखाली आपण काय करणार ते एका ओळीत. सेवेला पण तसाच क्रम लावायला सांगितलाय. तुम्ही घेतलीत तर पहिल्याच दिवशी हे ठरवून घ्या, नाहीतर ते पेपरच्या सर्क्युलेशनप्रमाणे क्रम लावतात आणि महत्त्वाचं पंधराव्या पानावर जातं.

आणखी एक फायदा जो त्यांच्या ब्रोशरमध्ये नाही. जुन्या कात्रणांमध्ये शोधता येतं, वार्ताहराच्या नावाने सुद्धा, जिथे बायलाईन असेल तिथे. म्हणून आमच्याकडे नवीन आलेल्या मुलांना मी सांगते की कुठल्याही पत्रकाराला फोन करायच्या आधी त्यांनी अलीकडे काय लिहिलंय ते काढून वाचा. ऊस आणि साखर कारखाने बघणाऱ्या माणसाला ऑटो पार्टच्या लाँचची प्रेसनोट पाठवून वर 'सर मिळाली का, कधी लावताय' म्हणून संध्याकाळी पान सुटायच्या वेळेला फोन करणं, याने पीआरवाल्यांचं नाव जेवढं खराब झालंय तेवढं कशानेच नाही. तालुक्याच्या वार्ताहराला बऱ्याचदा मानधन नाममात्र असतं, तो शेती किंवा दुकान सांभाळून बातम्या देतो आणि त्याच्यावर जाहिराती आणायचं पण ओझं असतं. हे माहीत असलं की बोलण्याचा सूर आपोआप बदलतो. आणि जाहिरात आणि बातमी याची सरमिसळ तुम्ही तरी करू नका, २००९ च्या निवडणुकांनंतर पेड न्यूजवरून महाराष्ट्राचं नाव देशभर झालं, प्रेस कौन्सिलला २०१० मध्ये त्यावर अहवाल काढावा लागला. सेवेच्या फाईलमध्ये पैसे देऊन आलेला मजकूर वेगळ्या रंगात येतो, आम्ही तसं मागून घेतलं, तुम्हीही मागा.

आता कापलेला स्टार.

टीव्हीचं मॉनिटरिंग कमजोर आहे. मराठी न्यूज चॅनलवर आलेली क्लिप दुपारपर्यंत मिळते, तोवर ती सगळ्या ग्रुपवर फिरून झालेली असते. लोकल यूट्यूब चॅनल आणि फेसबुक लाईव्ह तर त्यांच्या कक्षेतच नाहीत, आणि आज तालुक्यात पेपरच्या आधी तेच पेटतात. यासाठी आम्हाला प्रत्येक प्लांटच्या एचआरमधला एक माणूस नेमावा लागला जो तिथलं बघून कळवतो.

पेपरांच्या सुट्टीला सेवा पण सुट्टी घेते. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या दुसऱ्या दिवशी अंक नसतो हे बरोबर, दिवाळीतही तसंच. पण पेपरांच्या वेबसाईट तेव्हा चालूच असतात, आणि झेंडावंदनाला ग्रामसभेत कंपनीविरुद्ध ठराव झाला तर तो त्याच दिवशी ऑनलाईन लागतो. याबद्दल मी दोनतीनदा बोलले, अजून सोय झालेली नाही.

गोषवारा मराठीत छान असतो पण इंग्रजी समरी अगदीच यथातथा, परदेशी पार्टनरला पाठवायच्या आधी आम्हाला पूर्ण नवीन लिहावी लागते. बातमीचा सूर ठरवण्यात पण घोळ होतो, मंत्र्याचं कौतुकाचं वाक्य असलं की पॉझिटिव्ह असा शिक्का मारतात, भले पुढे कामगारांच्या थकलेल्या पगाराबद्दल चार ओळी असोत. विदर्भातल्या आणि कोकणातल्या छोट्या पेपरांची कात्रणं कधी कधी दुपारी, कधी दुसऱ्या दिवशी. एकच प्रेसनोट सहा आवृत्त्यांत आली की सहा कात्रणं मोजतात, त्यामुळे महिन्याची संख्या फुगलेली दिसते, बॉसला आकडा सांगताना हे लक्षात ठेवा. पोर्टल स्लो आहे. बिल तीन महिन्यांचं आगाऊ.

किमतीबद्दल विचाराल तर ती विषय किती, पेपर किती आणि जिल्हा आवृत्त्या किती यावर ठरते, सगळं घेतलं तर बिल बरंच वाढतं. आम्ही जिथे प्लांट, वेअरहाऊस आणि मोठे व्हेंडर आहेत तेवढेच जिल्हे घेतले आणि बाकी राज्याचे फक्त मुख्य अंक. पीआर एजन्सीला दर महिन्याला जो रिटेनर, म्हणजे ठरलेली फी, जातो त्याच्या तुलनेत हे पैसे किरकोळ आहेत, आणि दोन्हीपैकी एकच ठेवा म्हणालात तर मी विचार न करता ही ठेवेन.

ज्यांनी घेऊ नये ते पण सांगते. एकाच शहरात हॉटेल, क्लास, दुकान असेल तर नका घेऊ, त्या शहरातले चार पेपर घरी टाका आणि स्वतः वाचा, अर्धा तास लागतो. अॅपवरच धंदा असलेल्या स्टार्टअपला पण फारसा उपयोग नाही, त्यांचा राग पेपरात निघत नाही, रिव्ह्यू आणि सोशल मीडियावर निघतो. सरकारी खात्यात जनसंपर्काचं काम करणाऱ्यांची गोष्ट वेगळी, जिल्हा माहिती कार्यालयं रोज कात्रणं काढतातच.

आणि घेणार असाल तर सही करायच्या आधी आठवड्याची ट्रायल मागा, देतात. ट्रायलमध्ये नुसतं कंपनीचं नाव देऊन बसू नका, कारण नाव कोणीही शोधेल. प्लांट कुठल्या रस्त्याला आहे, शेजारी काय आहे, गाव कुठलं, गेटवर कुठल्या युनियनचा बोर्ड आहे, गाव कंपनीला काय नावाने ओळखतं, हे एका कागदावर लिहून द्या आणि वाचणाऱ्या माणसाशी स्वतः फोनवर बोला, सेल्सवाल्याशी नाही. वाचणारा माणूस उलट चार प्रश्न विचारतोय का बघा. आमच्या काकांनी पहिल्याच फोनवर विचारलं होतं की तुमच्या कामगारांच्या बसेस कुठल्या कुठल्या गावांतून येतात, कारण बसचा अपघात झाला तर बातमी त्या गावाच्या नावाने येणार. असं विचारणारा कोणी भेटला नाही तर दुसरी सेवा बघा.